उरलेलं कुठं गेलं?

बाळ्या आणि मेघनाबरोबर रतनगड ते हरिश्चंद्रगड करायचं ठरलं, तेव्हा सचिनने सॅक भरली आणि ती पाठीवर घेऊन वजनकाट्यावर उभा राहिला. स्वतःचं वजन वजा केल्यावर १६ किलो ४०० ग्रॅम उरले. पहिल्या दिवशी रतनवाडीतून गडावर, दुसऱ्या दिवशी कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, तिसऱ्या दिवशी पाचनईवरून हरिश्चंद्रगड, आणि चौथ्या दिवशी टोलारखिंडीतून खिरेश्वरला उतरायचं, असा बेत होता. सचिनने आजवर डबा आणि पाण्याची बाटली घेऊन एका दिवसात जाऊन येण्यासारखे किल्ले केलेले. सोळा किलो घेऊन चार दिवस चालायचं या कल्पनेनेच त्याचे खांदे दुखायला लागले.

हिंजवडीच्या नोकरीत शिकलेली गोष्ट त्याने केली. एक्सेलमध्ये तक्ता मांडला. बायकोचा केकचं सामान मोजायचा डिजिटल काटा आठवडाभर हॉलमध्ये मुक्कामाला आला. वस्तू उचलायची, मोजायची, ग्रॅम लिहायचे.

तक्त्याने सांगितलेलं खरंच होतं. रिकामी सॅकच २ किलो ६०० ग्रॅमची. त्यात काही भरायच्या आधीच अडीच किलो पाठीवर. तंबू ३ किलो १००. पण रतनगडावर गुहा आहे, कुमशेतला घर मिळतं, हरिश्चंद्रगडावर तर गुहाही आहेत आणि गावकऱ्यांचे तंबूही. मग हा कशाला? स्लीपिंग बॅग १ किलो ९००, तिच्या जागी ७०० ग्रॅमची आली. दोन जीन्स सव्वा किलोच्या वर. (सह्याद्रीत पावसाळ्यात जीन्स घालून माणूस एकदाच येतो. भिजल्यावर ती काय चीज होते हे कळायला ती एक खेप पुरते.) जीन्सच्या जागी पटकन वाळणारी पातळ पँट, टर्किश टॉवेलच्या जागी पंचा. टूथपेस्टची ट्यूब गेली, चार दिवसांपुरती पेस्ट डबीत आली. बिस्किटांचे पुडे फोडून एका पिशवीत ओतले. असं करत करत काटा साडेआठ किलोवर आला.

इथपर्यंत सचिनचं काही चुकलं नव्हतं. उलट, नव्याने डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी हा उद्योग करावा. सॅकमधल्या निम्म्या वस्तू ‘असू दे’ या नावाखाली आलेल्या असतात, आणि ‘असू दे’ला वजन असतं हे काट्याशिवाय पटत नाही.

वजन मोजताना वाचनही चाललं होतं. तिकडे परदेशात खाणं, पाणी आणि इंधन सोडून उरलेल्या सामानाचं वजन ९ किलोंच्या आत असलं तर त्याला लाइटवेट म्हणतात, साडेचार किलोंच्या आत असलं तर अल्ट्रालाइट. एमा गेटवुड नावाच्या अमेरिकन आजीबाईंची गोष्ट त्याला फारच आवडली. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, अकरा मुलांची ही आई अपलाचियन ट्रेल एकटी चालून गेली. जॉर्जियापासून मेनपर्यंत, ३,००० किलोमीटरच्या वर. घरी शिवलेली डेनिमची पिशवी खांद्यावर, पायात कॅनव्हासचे बूट, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. ना तंबू, ना स्लीपिंग बॅग. सचिनने हे बायकोला वाचून दाखवलं, ऑफिसात तिघांना सांगितलं. एमाबाई वाटेत तिन्हीसांजेला अनोळखी लोकांची दारं ठोठावत, कुणी घेतलं तर जेवत, ओसरीवर झोपत, आणि कुणी दार लावून घेतलंच तर पानांच्या ढिगावर आडव्या होत, हा पुढचा भाग मात्र त्याने घाईत सोडला.

हे सगळं आप्पा बघत होते. आप्पा म्हणजे सचिनचे वडील. मार्केट यार्डात, भुसार बाजारात उभी हयात हमाली केलेला माणूस. तरुणपणी क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. पुढं पोती पन्नास किलोंची झाली, त्यासाठी झालेल्या भांडणांत तेही होते. हमालांचे नेते बाबा आढाव यांच्या मोर्चात जायचं म्हणजे त्या दिवशीची मजुरी बुडवायची, तीही बुडवली. आता कमरेतून जरा वाकलेले आहेत. नातवाचं दप्तर हाताने तोलून किलो सांगतात आणि ते पाव किलोच्या पलीकडे चुकत नाही.

त्यांनी सॅक भरण्यात दोन सुधारणा केल्या. तांदूळ तळाशी होता, तो काढून मधे, पाठीला चिकटून ठेवायला लावला. “जड माल अंगाला लागून पायजे. लांब गेला की मागं ओढतो.” आणि कमरेचा पट्टा आधी बांधून मग खांद्याचे बंद ओढायला सांगितलं. एरवी बोलले नाहीत.

साडेआठवर थांबला असता तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण काट्याची चटक लागते. सचिनने टूथब्रशचा दांडा करवतीने कापला, टी-शर्टची लेबलं उसवली, सॅकचे लोंबणारे बंद कातरले. यातून सगळे मिळून शंभर ग्रॅमही वाचेनात. तेव्हा नजर मोठ्या वस्तूंकडे वळली. जाड जाकीट ६०० ग्रॅम. स्लीपिंग बॅग आहे की. पाण्याची दुसरी बाटली, भरलेली, १ किलो १००. वाटेत पाणी मिळतं. ताट-मग ३००. कुणाच्या तरी ताटात जेवू. टॉर्च? मोबाइलला आहे. औषधं? मेघनाकडे असणारच, ती नर्स आहे. सॅक ६ किलो २०० वर आली.

दोर, स्टोव्ह, पातेलं आणि चार दिवसांचा शिधा हे सगळ्यांचं सामान होतं, साधारण ८ किलो ४००. तिघांत वाटून घ्यायचं ठरलेलं. पण सचिनने हौसेनं घेतलेली नवी सॅक एवढी लहान होती की त्यात चहा, साखर आणि मसाल्याच्या पुड्याच बसल्या. “दोर बाळ्याच्या सॅकमध्ये सहज मावेल,” तो म्हणाला. बाळ्याच्या सॅकमध्ये हत्तीही मावला असता, तेव्हा कुणी वाद घातला नाही.

निघायच्या आदल्या रात्री त्याने आप्पांना आकडा सांगितला. सहा किलो दोनशे.

“आणि उरलेलं कुठं गेलं?”

“गेलं म्हणजे? कमी केलं.”

“तंबू घरी ठेवला, ते कमी झालं,” आप्पा म्हणाले. “जीन्स घरी ठेवली, ते कमी झालं. पाण्याची बाटली काढलीस, ते कसं कमी झालं? तहान ठेवणारेस का घरी?”

सचिन हसला. आप्पा हसले नाहीत, झोपायला गेले.

डिसेंबरात भंडारदऱ्याच्या बाजूला पहाटेची थंडी काय असते हे तिकडे राहिलेल्यालाच ठाऊक. रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळापाशी लहानूमामा भेटले. साठीचे, सडसडीत, कमरेला कोयता. वाटाड्या म्हणून पाचनईपर्यंत येणार होते. त्यांचं सामान म्हणजे फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, पाण्याची बाटली आणि खांद्यावर काळी घोंगडी. सचिनने त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. “हे बघ, खरे अल्ट्रालाइट,” तो बाळ्याला म्हणाला. बाळ्याने मान डोलावली. अठरा किलोंखाली माणूस एवढंच करू शकतो.

चढाला सचिन सगळ्यांच्या पुढे होता. शिड्या त्याने धावत चढल्यासारख्या चढल्या आणि गणेश दरवाजापाशी बसून मागच्यांचे फोटो काढले. संध्याकाळी नेढ्यात, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकात, जाऊन वाऱ्यात उभे राहिले. रात्री खिचडी झाली. मेघनाचं जेवून होईपर्यंत सचिन तिच्या ताटाकडे बघत बसला. मग ताट धुवायला टाक्यावर जायचं तर त्याच्या मोबाइलची बॅटरी उतरलेली, म्हणून बाळ्या टॉर्च घेऊन बरोबर गेला. दमलेला होता, पण गेला.

मध्यरात्रीनंतर गुहेच्या तोंडातून वारा आत यायला लागला. ७०० ग्रॅमच्या स्लीपिंग बॅगमध्ये सचिन आधी कुशीवर वळला, मग गुडघे पोटाशी घेतले, मग झोपेतच कण्हायला लागला. लहानूमामांना जाग आली. त्यांनी थोडा वेळ पाहिलं, उठले, आपली घोंगडी त्याच्यावर घातली, कडा खाली खोचल्या. स्वतः आतल्या भिंतीला पाठ लावून बसले, बिडी पेटवली. कण्हणं थांबलं. उजाडायच्या आधी त्यांनी घोंगडी काढून घेतली, कारण ती घडी करून खांद्यावर टाकल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही.

सकाळी चहाच्या वेळी सचिन स्लीपिंग बॅगची तारीफ करत होता. “पहिल्यांदा गारठलो होतो. मग तिने एकदा ऊब धरली म्हणता! सातशे ग्रॅम फक्त. पैसे वसूल.” लहानूमामा चहा बशीत ओतत होते. ते काही बोलले नाहीत.

शिड्या उतरून, रानातल्या फाट्यावरून हरिश्चंद्रगडाची वाट धरली की कात्राबाईची खिंड येईपर्यंत चालणं लांबतं. झाडी दाट, पायाखाली पाचोळा आणि सुटे दगड. सचिनची एक लिटरची बाटली अकराच्या सुमाराला संपली. मेघनाच्या बाटलीतून दोन घोट, मग बाळ्याच्या बाटलीतून. बाळ्याने दोन बाटल्या जास्तीच्या भरून घेतल्या होत्या. गडावरच त्याच्या लक्षात आलं होतं की कुणाला तरी लागणार, आणि तो कुणी कोण हेही. खिंडीत पोचल्यावर समोर आजोबाचा डोंगर उघडा पडला, फोटो झाले. पण कुमशेतच्या बाजूला उतरायला लागले आणि पाऊण तासात बाळ्याचा गुडघा बोलायला लागला. आधी तो तिरका उतरत होता, मग बसून उतरायला लागला, मग नुसताच बसला.

मेघनाने गुडघ्याला पट्टी बांधली. “सॅक उतरवावी लागेल याची.”

सगळ्यांनी सचिनकडे पाहिलं. सचिनने आपली सॅक उघडली. दोर त्यात जाईना. शिध्याची पिशवी कोंबली तर चेन लागेना. त्या सॅकला पाठीची ताटी नव्हती, कमरेला पट्टा म्हणजे नुसती फीत. वजन वाचवायचं म्हणून जे जे कंपनीने काढून टाकलं होतं त्याच्याच जोरावर ओझं पेलतं. चेन ओढता ओढता एक बंद शिवणीतून सुटला.

“ऱ्हाऊ द्या भाऊ,” लहानूमामा म्हणाले. त्यांनी घोंगडी घडी करून खांद्यावर ठेवली, बाळ्याच्या सॅकपुढे उकिडवे बसले आणि मान न वळवता म्हणाले, “जरा हात लावा.”

सचिनने हे शब्द हजार वेळा ऐकले होते. लहानपणी शाळा सुटल्यावर तो यार्डात जायचा, तेव्हा पोत्यांच्या थप्पीपाशी दिवसभर हेच चालायचं. हमाल कितीही ताकदीचा असला तरी पोतं आपलं आपण पाठीवर घेऊ शकत नाही. दुसऱ्याने उचलून द्यावं लागतं, उतरवून घ्यावं लागतं. सचिनने हात लावला. सॅक हाताला लागली आणि त्याने नकळत आप्पांसारखा अंदाज केला. सतराच्या आसपास. लहानूमामा एका दमात उठले आणि उतरायला लागले. साठीच्या माणसाच्या पोटऱ्या समोर हलत होत्या, आणि त्यामागून निम्म्याहून कमी वजनाची सॅक घेऊन एक चौतीस वर्षांचा इंजिनियर चालला होता. खाली पोचेपर्यंत त्याने एकही फोटो काढला नाही.

कुमशेतला ज्यांच्या घरी उतरले, तिथे पडवीत ताणकाटा टांगलेला होता. हिरड्याच्या हंगामात पोरंबाळं रानातून हिरडा वेचून आणतात, व्यापारी तो आपल्या काट्यावर घेतो. म्हणून घरी मोजून जायचं. त्या बाईंनी सांगितलं, “आपल्याला म्हाईत असलं म्हंजी तो लई खोटं बोलत न्हाई.” सचिनने विचारून सॅका टांगल्या. बाळ्याची १७. मेघनाची साडेअकरा. त्याची स्वतःची, बाटली रिकामी असल्याने, ५ किलो २००.

मग तो पडवीत बसून हिशेब करायला लागला. एक्सेल नव्हतं, चुलीतला कोळसा होता आणि शेणाने सारवलेली जमीन होती, पण मालकीणबाईंना सारवण खराब झालेलं चाललं नसतं, म्हणून बिस्किटांच्या पिशवीतल्या कागदावर. घरातून निघताना ६ किलो २००. सगळ्यांच्या सामानातला त्याचा तिसरा हिस्सा २ किलो ८००. बाळ्याने त्याच्यासाठी वाहिलेलं दोन लिटर पाणी, २ किलो. अकरा. म्हणजे सचिन खरा अकरा किलोंचा होता. त्यातले जवळजवळ पाच तो दुसऱ्याच्या पाठीवर चालवत होता, आणि वर शिड्यांवर पहिला पोचत होता.

“एवढं काय लावून घेतोस,” बाळ्या म्हणाला. “माझ्या सॅकमध्येही माझी पापं आहेत.” ती होतीच. बाळ्याने ब्लूटूथ स्पीकर आणला होता. दोन पॉवर बँका, लोणच्याची काचेची बरणी, एक जीन्स, आणि कुणी उपाशी राहू नये म्हणून तीन किलो जास्तीचा शिधा. जास्तीचं तांदूळ-डाळ त्या रात्री मालकीणबाईंच्या चुलीवर गेलं आणि घरातल्या पोरांसकट सगळे जेवले. लोणचंही संपलं. राहिला स्पीकर, जीन्स, बरणी.

“हे मामांकडे देऊ,” बाळ्या म्हणाला. “ते पाचनईहून परत रतनवाडीला जाणारच. नंतर कुणीतरी आणेल.”

लहानूमामा “द्या की” म्हणाले आणि हात पुढे केला. सचिनने तो हात खाली केला. “नाही मामा. हेच चाललंय दोन दिवस.” त्याने स्पीकर बाळ्याच्या मांडीवर ठेवला. “तुझा आहे, तूच ने. नाहीतर पुढच्या वेळी घरी ठेव.” बाळ्याने शिवी घातली, पण स्पीकर घेतला.

सकाळी सॅकांची अदलाबदल झाली. लहान सॅकचा सुटलेला बंद मेघनाने सुई-दोऱ्याने शिवला. तिच्या औषधांच्या डब्यात सुई होती. ती सॅक बाळ्याने घेतली. मोठी सचिनने. भरताना दोर आणि शिधा पाठीला लावून, कपडे बाहेरच्या बाजूला, पट्टा आधी कमरेला. खाली बसला, हात मागे करून बंदात घातले आणि म्हणाला, “बाळ्या, हात लाव.”

मुळेच्या खोऱ्यातली पाचनईची वाट तशी सोपी. पण खांद्यावर चौदा किलो आल्यावर सोपी वाटही लांब होते. सचिन सगळ्यांच्या मागे होता. दर अर्ध्या तासाने थांबत होता, पाणी पीत होता, आता दोन बाटल्यांतलं, स्वतःचं. त्याच्या सॅकेतून जे गेलं ते खरोखर घरी राहिलं होतं की नुसतं कुणाच्या तरी अंगावर गेलं होतं, हे त्याला आता प्रत्येक वस्तूगणिक सांगता येत होतं. टूथब्रशचा दांडा मात्र त्याने उगाचच कापला होता. तो दांडा कुणीच वाहत नव्हतं, आणि त्या ब्रशने दाढेपर्यंत पोचता येत नव्हतं.

पाचनईत टपरीवर चहा झाला. लहानूमामांची वाटाड्याची रक्कम आधीच ठरलेली होती, मेघनाने ती दिली. सचिनने पाकिटातून वेगळे पैसे काढले.

“हे कशाचं?”

“खिंडीपासून कुमशेतपर्यंत सॅक वाहिलीत त्याचं. वाट दाखवायची मजुरी वेगळी, हमाली वेगळी.”

“त्याची कसली हमाली. पोराचा पाय दुखत होता.”

“मामा, माझे वडील हमाल होते मार्केट यार्डात. पाय दुखतोय म्हणून पोतं फुकट उतरवा म्हणणाऱ्या व्यापाऱ्यांशी भांडण्यात त्यांची हाडं गेली. घ्या.”

लहानूमामांनी पैसे घेतले, मोजले, बंडीच्या आतल्या खिशात ठेवले. मग त्यांच्या डोळ्यात जरा हसू आलं.

“हमालीचा हिशेब करताच हायेत, तर मंग पयल्या रातच्या घोंगडीचं काय लावता?”

“कुठली घोंगडी?”

बाळ्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. मेघनाने आधीच तोंड फिरवलं होतं. त्या रात्री तीही जागी झाली होती, आणि सकाळी पैसे वसूल ऐकून घेताना तिने ओठ चावले होते. सचिनने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मामांकडे, एकदा आपल्या सॅकेत गुंडाळलेल्या त्या निळ्या, महागड्या, हलक्या वस्तूकडे. मग तोही हसायला लागला, आणि त्याला थांबता येईना.

लहानूमामांनी खांद्यावरून घोंगडी काढली आणि त्याच्या सॅकवर टाकली. “वर कोकणकड्याचा वारा लई वाईट. घेऊन जावा. माझी लेक खिरेश्वरला दिल्येली हाये, देवळाच्या वाटंवर घर. तिच्यापाशी ठिवा.”

“मग तुम्ही काय पांघरणार?”

“मी आज घरला.”

सचिनने घोंगडी हातात तोलली. दोन किलोंच्या वर, अडीच असेल. त्याने ती दुमडून सॅकच्या वरच्या झाकणाखाली घेतली, बंद आवळले, आणि बाळ्याला हात लावायला सांगितलं. पाचनईच्या कातळाखालून वाट वर निघते तिथपर्यंत लहानूमामा बरोबर आले. रेलिंगपाशी थांबून त्यांनी मागून हाक मारली,

“केदारेश्वराच्या पाण्यात उतराल तवा बाजूला ठिवा तिला! भिजली ना, तर तुमच्याच्यानं उचलायची न्हाई!”